अल ऐनच्या शाळेतील अमेरिकन शिक्षिका : वाचकांचे प्रश्न

आखातातील नोकरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर इंजिनिअर, परिचारिका किंवा बांधकामावरचा मुकादम येतो. गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांतून मात्र वेगळीच मंडळी पुढे आली. अमेरिकेत जन्मलेली आणि शिक्षकी करण्यासाठी अरब देशाकडे निघालेली मुलगी, तिचे आईवडील, अशा अमेरिकन शिक्षकांबरोबर एकाच स्टाफरूममध्ये बसणाऱ्या आपल्याकडच्या शिक्षिका आणि दुरून कुतूहलाने पाहणारे वाचक यांची ही पत्रे आहेत. संयुक्त अरब अमिरातींपैकी (यूएई) अबू धाबी अमिरातीतील शाळांमध्ये मी बरीच वर्षे गणित शिकवले आणि त्यातील बहुतेक काळ माझ्या शेजारचे टेबल कोणा ना कोणा अमेरिकन सहकाऱ्याचे असे. त्या आधारावर ही उत्तरे देत आहे. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीत जन्मली आणि येथील सरकारी शाळेत पाचवीला शिकवते. अबू धाबी अमिरातीतील अल ऐन शहरातल्या, अमेरिकन अभ्यासक्रमाच्या एका खासगी शाळेने तिला दोन वर्षांच्या कराराने बोलावले आहे. पगारावर कर नाही, घर शाळेचे, वर्षाला विमानाचे तिकीट. आम्हांला वाळवंटाची, वेगळ्या धर्माची आणि तिच्या एकटेपणाची काळजी वाटते. तिला कशाचीच वाटत नाही. आम्ही नेमकी कशाची चौकशी करावी? (एक दांपत्य, एडिसन)

उत्तर : वाळवंट आणि धर्म यांची काळजी आपण बाजूला ठेवावी आणि ती सगळी कराराच्या कागदाकडे वळवावी, असे मी सुचवेन. अल ऐन हे ओसाड गाव नाही. अबू धाबी शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटर आत, ओमानमधील बुरैमीला अगदी खेटून असलेले हे खजुराच्या बागांचे जुने शहर आहे आणि तेथील मरूद्याने, पाण्याचे जुने पाट, हिली व जबल हफीत येथील प्राचीन अवशेष यांना २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, पण किनाऱ्यावरची घामट हवा तेथे बरीच कमी असते. एकटी बाई रात्री टॅक्सीने घरी परतते, यात तेथे कोणाला काही विशेष वाटत नाही.

अमेरिकेत नोकरी गेली तर केवळ नोकरी जाते. अमिरातींमध्ये राहण्याचा परवाना, घर, आरोग्य विमा आणि परतीचे तिकीट ही सारी एकाच मालकाच्या सहीला बांधलेली असतात, आणि हे अमेरिकन शिक्षकांच्या अंगवळणी पडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. न्यू जर्सीत तिच्या पाठीशी शिक्षकांची संघटना होती. अमिरातींमध्ये संघटना नाही आणि संप करता येत नाही. त्यामुळे जे काही ठरवायचे ते सही करण्यापूर्वी, आणि जे ठरले ते लेखी. भरतीच्या मुलाखतीत कोणी तोंडी दिलेल्या शब्दाला नंतर फारसे मोल राहत नाही, मग तो शब्द कितीही प्रेमाने दिलेला असो.

पगाराच्या एकूण आकड्यापेक्षा त्यातील मूळ वेतन किती, हे आधी पाहावे. कायद्यानुसार नोकरीचे एक वर्ष पूर्ण झाल्यावर सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी मिळते. पहिली पाच वर्षे दरवर्षी एकवीस दिवसांचे आणि त्यापुढे दरवर्षी तीस दिवसांचे वेतन असा तिचा हिशेब असतो, पण तो मूळ वेतनावर केला जातो. काही शाळा मूळ वेतन लहान ठेवून बाकीची रक्कम भत्त्यांत दाखवतात. महिन्याच्या हातात येणाऱ्या पैशांत फरक दिसत नाही, तो शेवटच्या दिवशी दिसतो. खासगी शाळांना लागू असलेला कामगार कायदा २०२१ सालचा असून तो फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आहे. त्यानुसार परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ सहा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही, आणि या काळात देश सोडून परत जायचे झाल्यास शिक्षकाने चौदा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. तिचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवण्याचा शाळेला अधिकार नाही. व्हिसाचा अर्ज, रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे या सोपस्कारांपुरता तो द्यावा आणि परत मागून घ्यावा. घर एकटीला मिळणार की दुसऱ्या शिक्षिकेबरोबर वाटून घ्यायचे, वीज-पाण्याचे बिल कोणाकडे आणि करार मध्येच मोडल्यास भरतीचा खर्च पगारातून कापला जाणार का, हे तीन प्रश्न तिने ईमेलवर विचारावेत, म्हणजे उत्तरही ईमेलवर येईल.

कागदपत्रांना आजच हात घालावा. पदवीचे प्रमाणपत्र आधी राज्य सरकार, मग वॉशिंग्टनमधील परराष्ट्र खाते, त्यानंतर अमिरातींचा दूतावास आणि शेवटी अमिरातींचे परराष्ट्र मंत्रालय अशा पायऱ्या चढत जाते, आणि यातील एकही पायरी गाळता येत नाही. भारतातून येणाऱ्या शिक्षकांना हा द्राविडी प्राणायाम ठाऊक असतो. अमेरिकन उमेदवारांना मात्र आपल्या विद्यापीठाच्या पदवीवर एवढे शिक्के कशाला, असे वाटत राहते आणि त्यात शाळा सुरू होण्याचा ऑगस्ट उजाडतो.

‘पगारावर कर नाही’ हे वाक्य अमिरातींपुरते खरे आहे. अमेरिका आपल्या नागरिकांच्या उत्पन्नावर, ते जगात कोठेही राहत असले तरी, कर आकारते. परदेशात कमावलेल्या उत्पन्नाला सूट आहे (२०२५ या करवर्षासाठी ती १,३०,००० डॉलरपर्यंत होती), त्यामुळे शिक्षिकेच्या पगारावर केंद्रीय कर बहुधा भरावा लागणार नाही; परंतु विवरणपत्र भरल्याशिवाय ही सूट मिळत नाही. सूट मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे सलग बारा महिन्यांच्या कालावधीत पूर्ण ३३० दिवस अमेरिकेबाहेर असणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड-दोन महिने एडिसनला येऊन राहण्याचा बेत आखताना हा आकडा आईने कॅलेंडरवर लिहून ठेवावा. परदेशी खात्यांतील शिल्लक मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती अमेरिकन सरकारला द्यावी लागते. अमिरातींच्या शाळेत नोकरी केलेली वर्षे अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेत, धरली जात नाहीत, आणि न्यू जर्सीच्या राज्य कराचा व शिक्षक-निवृत्तिवेतनाचा प्रश्नही उरतोच. परदेशवासी अमेरिकनांची विवरणपत्रे भरणारा सीपीए, म्हणजे अमेरिकेतील सनदी लेखापाल, शोधणे हे सूटकेस घेण्याआधीचे काम आहे.

प्रश्न : वरील पत्र आईबाबांचे आहे, हा प्रश्न माझा. मला मराठी बोलता येते, लिहायला आईने मदत केली. वर्गात प्रत्यक्षात काय असते? मी न्यू जर्सीत जे करते तेच तिथे करायचे आहे, असे मुलाखतीत सांगितले गेले. (एक शिक्षिका, एडिसन)

उत्तर : अभ्यासक्रमाची मानके, विज्ञानाची पुस्तके, वर्षातून दोन-तीनदा संगणकावर होणारी मॅप ही प्रगती मोजणारी चाचणी, हे सारे तुला ओळखीचे असेल. बाकीचे पुष्कळसे नवे असेल, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

शाळा सकाळी लवकर भरते आणि रांगेत अमिरातींचे राष्ट्रगीत होते. जानेवारी २०२२ पासून आठवडा सोमवार ते शुक्रवार असा आहे आणि शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजासाठी शाळा दुपारच्या आत सुटते. अरबी भाषा सर्वांना, आणि मुसलमान मुलांना इस्लामी शिक्षण, असे तास सरकारने सक्तीचे केलेले आहेत. ते विषय शिकवणारे शिक्षक बहुधा इजिप्त, जॉर्डन किंवा सीरियाचे असतात. तुझ्या वेळापत्रकाची आखणी त्यांच्या तासांभोवती होईल, उलट नव्हे. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या खोलीत जाऊन बस. त्यांना मुलांची घरे माहीत असतात, कोणाचे वडील नुकतेच वारले, कोणाच्या घरी दुसरी आई आली, हे त्यांच्याकडूनच कळते.

हजेरीपट पाहून तू गोंधळशील. मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे आणि शेवटी कुळाचे, अशी ती लांबलचक नावे असतात. अल ऐन परिसरात धाहेरी, केतबी, शामसी, नियादी ही कुळे मोठी आहेत. अमेरिकन सवयीने एका नव्या सहकाऱ्याने आडनावाने हाक मारली, तेव्हा अर्धा वर्ग उभा राहिला आणि उरलेला अर्धा हसला. ही मुले नुसती नावबंधू नसतात, चुलत-आते-मामे भावंडे असतात आणि संध्याकाळी एकाच आजीच्या घरी जेवतात. म्हणून एकाला वर्गात रागावलीस तर ती बातमी रात्रीपर्यंत पाच घरांत पोहोचलेली असते. तुलाही आडनावाने कोणी हाक मारणार नाही. ‘मिस’ आणि पुढे पहिले नाव, एवढेच.

सर्वांत पहिली ठिणगी चाचणीच्या दिवशी पडते. बाजूच्या बाकावरच्या भावाला उत्तर दाखवणे ही अमेरिकन शिक्षकाच्या लेखी चोरी असते. दाखवणाऱ्या मुलाच्या लेखी भावाला अडचणीत सोडणे हाच खरा गुन्हा असतो. आम्ही लहानपणी जे करत होतो त्याहून हे फार वेगळे नाही, असे मला नेहमी वाटे. वर्गासमोर कागद फाडणे, शून्य गुण जाहीर करणे असले उपाय तेथे फसतात, कारण चारचौघांत झालेला अपमान घरापर्यंत जातो आणि मग मूळ चूक बाजूला राहून अपमानाचीच चर्चा होते. बाके दूर कर, दोन प्रकारच्या प्रश्नपत्रिका काढ, आणि बोलायचे ते बाजूला घेऊन बोल. मदत करण्याची ही ओढ गटात करायच्या कामाकडे वळवलीस तर तिचा फार उपयोग होतो. माझ्या पाहण्यातल्या चांगल्या अमेरिकन शिक्षिकांनी हेच केले.

पालकांशी बोलणे म्हणजे मुख्यतः आईशी बोलणे, आणि तेही व्हॉट्सॲपवर, रात्री दहा वाजतासुद्धा. फोन शाळेपुरता वेगळा ठेव. शाळेत सोडायला-घ्यायला पुष्कळदा फिलिपिन्स, श्रीलंका किंवा इथिओपियाची आया येते. मुलाने डबा का खाल्ला नाही हे तिला ठाऊक असते, तेव्हा तिला नमस्कार केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आई शाळेत आली तर गुणांचा विषय लगेच काढायचा नाही. तब्येत, मुलेबाळे, तुझे आईवडील कोठे असतात, ही विचारपूस आधी होते आणि तीच खरी बैठक असते. वडील आले तर हस्तांदोलनासाठी तू हात पुढे करू नकोस; त्यांनी केला तर अवश्य दे. गहवा, म्हणजे वेलदोडा घातलेली फिकट अरबी कॉफी, आली तर कप उजव्या हातात घ्यायचा. त्यात घोटभरच ओततात आणि संपली की पुन्हा ओततात. पुरे झाली की कप हलकेच हलवून परत द्यायचा. हे माहीत नसल्यामुळे टेक्सासहून आलेल्या माझ्या एका सहकारिणीने भिडेखातर इतक्या कॉफ्या प्यायल्या की तिला रात्रभर झोप लागली नाही.

सुट्टीच्या आदल्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा असेल, आणि पाऊस पडला तर जवळजवळ पूर्ण. आपल्याला हसू येते, पण तेथे पाऊस हा सोहळा असतो. कुटुंबेच्या कुटुंबे गाडी घेऊन वाहते ओढे बघायला निघतात. मात्र १६ एप्रिल २०२४ चा पाऊस सोहळ्याचा नव्हता. अल ऐनमधील खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत अडीचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. १९४९ पासूनच्या नोंदींतील तो उच्चांक होता आणि देशभर शाळा ऑनलाइन घ्याव्या लागल्या. तेव्हा ऑनलाइन तासाची तयारी कायम हाताशी ठेवलेली बरी.

विज्ञानाच्या तासासाठी एक सुचवते. अंतराळवीर सुल्तान अल नियादी हे अल ऐनजवळच्या उम्म गाफाचे. मार्च २०२३ मध्ये ते फ्लोरिडातून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे गेले, सुमारे सहा महिने तेथे राहिले आणि अंतराळात चालणारे पहिले अरब ठरले. वर्गात एखादा नियादी असेलच. अमेरिकन यान आणि गावचा माणूस या दोन्ही गोष्टी एकाच गोष्टीत येत असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा धडा तेथून सुरू करावा. मुले खुर्चीच्या कडेवर येऊन ऐकतात.

विद्यार्थ्यांचे, विशेषतः मुलींचे, फोटो स्वतःच्या फोनवर काढायचे नाहीत आणि सोशल मीडियावर तर कधीच टाकायचे नाहीत. परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढणे हा तेथे गुन्हा आहे. तो केवळ शाळेचा शिष्टाचार नव्हे. तसेच सहकाऱ्यावरचा राग व्हॉट्सॲपवर शिवी लिहून काढणेही महागात पडू शकते.

प्रश्न : मी शारजातील अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकवते. माझ्याकडे एमएस्सी, बीएड आणि बारा वर्षांचा अनुभव आहे. शेजारच्या वर्गातील अमेरिकन शिक्षकाला पहिलेच वर्ष असून पगार माझ्या दुपटीहून जास्त होता, शिवाय घर आणि तिकीट. गेल्या सत्रात तो कोणालाही न सांगता रातोरात देश सोडून गेला आणि त्याचे तास माझ्यावर आले. हे असेच चालायचे का? (एक शिक्षिका, शारजा)

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे आणि त्याला मुलामा देण्याची मला इच्छा नाही. आखातातील शाळांत पासपोर्टचा रंग पाहून पगार ठरतो, हे उघड गुपित आहे. कायद्याच्या पुस्तकात राष्ट्रीयत्वावरून भेदभावाला मनाई आहे. व्यवहारात शाळा त्याला बाजारभाव म्हणतात. ‘ओव्हरसीज हायर’ आणि ‘लोकल हायर’ अशी दोन दालने केली जातात. अमेरिकेतून आणलेल्या शिक्षकाला तेथील पगाराशी तुलना करून आकडा आणि त्यावर घर दिले जाते. नवऱ्याच्या व्हिसावर तेथे राहणाऱ्या भारतीय शिक्षिकेला घर आहेच, असे गृहीत धरून नुसता पगार दिला जातो. शिवाय माहितीपत्रकावर अमेरिकन चेहरा दिसला की फी भरणाऱ्या पालकांना समाधान वाटते. गंमत अशी की, तो चेहरा गोराच असावा अशीही अपेक्षा असते. माझ्या ओळखीतील एका भारतीय वंशाच्या अमेरिकन शिक्षकाला पालकसभेत तीन वेगवेगळ्या मातांनी ‘पण मुळात कुठले?’ असे विचारले, आणि पगारात तो अमेरिकन असूनही पालकांच्या नजरेत भारतीयच राहिला. एडिसनच्या मुलीनेही याची तयारी ठेवावी.

रातोरात निघून जाण्याला तेथील शिक्षकांच्या बोलीत ‘मिडनाइट रन’ म्हणतात. त्यामागे पुष्कळदा कर्ज असते. पहिल्या पगारानंतर बँका क्रेडिट कार्ड आणि गाडीचे कर्ज घेऊन दारात उभ्या राहतात, आणि थकलेल्या कर्जावरून देश सोडण्यास बंदी येऊ शकते, हे तरुण शिक्षकाला उशिरा कळते. काहींना मुलाखतीत दाखवलेली शाळा आणि प्रत्यक्षातली शाळा यांत ताळमेळ दिसत नाही. त्याने सूचना देऊन जायला हवे होते, यात शंका नाही. न सांगता काम सोडणाऱ्याला अमिरातींमध्ये वर्षभर नवा परवाना नाकारला जाऊ शकतो. पण त्याचे तास तुमच्यावर टाकणारा तो नव्हता, व्यवस्थापन होते. जादा तासांची नोंद लेखी ठेवा, मोबदल्याची मागणी लेखी करा, आणि वर्षअखेरीच्या नूतनीकरणाच्या वेळी अनुभवाबरोबर ही नोंदही पुढे ठेवा. शाळेची तपासणी करणाऱ्या परीक्षण मंडळाच्या भेटीत वर्ग सांभाळून घेणारी शिक्षिका कोण, हे प्राचार्यांना माहीत असते, आणि नूतनीकरणाचा महिना हाच त्याची किंमत मागण्याचा महिना असतो. माझ्या माहितीत असे करून दोघींना घरभाड्याचा भत्ता मिळाला. पगाराची दरी मात्र त्याने मिटली नाही.

प्रश्न : वृत्तपत्रांतून आम्ही वाचतो की अरब लोकांचा अमेरिकेवर राग आहे. मग ते आपली मुले अमेरिकन शिक्षकांच्या हाती कशी देतात आणि ते शिक्षक तेथे कसे वावरतात? (एक निवृत्त प्राध्यापक, सातारा)

उत्तर : ओळख फार जुनी आहे, हे आधी लक्षात घ्यावे. बैरूतचे अमेरिकन विद्यापीठ १८६६ सालचे आणि कैरोचे १९१९ सालचे. खुद्द अल ऐनमध्ये, तेल येण्यापूर्वी, तेथील तेव्हाचे प्रशासक आणि पुढे अमिरातींचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले शेख झायेद यांच्या निमंत्रणावरून डॉ. पॅट आणि डॉ. मरियन केनेडी या अमेरिकन मिशनरी दांपत्याने १९६० साली रुग्णालय सुरू केले, जे आज कनद हॉस्पिटल म्हणून ओळखले जाते. राजघराण्यातील मुलांसह त्या परिसरातील पिढ्या तेथे जन्मल्या. वर्गात बसलेल्या मुलाच्या आजोबांची नाळ अमेरिकन डॉक्टरने कापलेली असण्याचा संभव आहे. पुढे २०१० पासून अबू धाबीच्या सरकारी शाळांत इंग्रजी, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्यासाठी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका येथून शिक्षक मोठ्या संख्येने आणले गेले, तेव्हा दूरच्या वस्त्यांतील घरांनाही ही माणसे परिचयाची झाली.

राग आहे, पण तो धोरणांवर आहे. आखातातील वर्गात पॅलेस्टिनी, जॉर्डेनियन, लेबनीज, सीरियन मुले शेजारी शेजारी बसतात, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचे युद्ध सुरू झाल्यानंतर त्यांच्या घरातील वातावरण काय होते याची कल्पना आपण करू शकता. त्या सुमारास ओहायोहून आलेले माझे एक सहकारी रोज सकाळी एका अमेरिकन कॉफी साखळीचा कागदी पेला हातात घेऊन नववीच्या वर्गात जात. अशा अमेरिकन कंपन्यांवर बहिष्काराची हाक दिली गेली होती. पहिल्या बाकावरच्या मुलाने, ज्याची आजी गाझाची होती, काहीही उद्धटपणा न करता विचारले, ‘सर, हा बाहेर ठेवाल का?’ त्यांनी पेला दाराबाहेर जमिनीवर ठेवला आणि समीकरणे शिकवायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून ते घरून स्टीलच्या थर्मासमध्ये कॉफी आणू लागले. तो मुलगा वर्षअखेरीपर्यंत त्यांच्या गणित मंडळात होता. त्यांनी त्या विषयावर वर्गात भाषण दिले नाही हेही योग्यच केले, कारण राजकीय चर्चेबाबत शाळांचे नियम कडक असतात, परदेशी शिक्षकाने त्यात पडणे कायद्याच्या दृष्टीनेही जोखमीचे असते, आणि चौदा वर्षांच्या दुःखी मुलाला शिक्षकाचे मत नको असते.

अमेरिकन शिक्षकाला खरा जाच बहुधा दुसरीकडून होतो. पुष्कळ खासगी शाळा नफ्यासाठी चालवल्या जातात, फी भरणारे पालक नाराज होऊ नयेत याची व्यवस्थापनाला धास्ती असते, आणि नापासाचा शेरा ‘पुन्हा तपासून पाहा’ म्हणून परत येतो. अमेरिकेतील सरकारी शाळेतून आलेल्या शिक्षकाला हे फार झोंबते. पेपर तपासताना गुणांची विभागणी कागदावरच लिहून ठेवणारे शिक्षक यातून त्यातल्या त्यात सुखरूप सुटतात.

प्रश्न : रमजानच्या महिन्यात बिगरमुसलमान शिक्षकांनीही दिवसभर उपाशी राहावे लागते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. शाळेत त्यांच्यासाठी एखादी खोली राखून ठेवलेली असते, तेथे डबा खाता येतो. मुलांसमोर पाण्याची बाटली तोंडाला लावायची नाही, एवढेच पथ्य. शाळेची वेळ कमी होते आणि उशिरा सुरू होते. चांद्रमासामुळे हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो (अमिरातींमध्ये २०२४ साली तो ११ मार्चला आणि २०२५ साली १ मार्चला सुरू झाला), त्यामुळे परीक्षांच्या तारखा ठरवताना चंद्राकडे पाहावे लागते. उपवास करणारी मोठी मुले रात्री जागलेली असतात, म्हणून अवघड धडा पहिल्या तासाला घ्यावा. विद्यार्थ्याच्या घरून इफ्तारचे निमंत्रण आले तर अवश्य जावे, आणि दुपारी जेवून जाऊ नये.

प्रश्न : मुलीबरोबर काय काय द्यावे आणि नंतर काय पाठवावे? (वरील दांपत्यापैकी आई, एडिसन)

उत्तर : डाळी, पोहे, गोडा मसाला, कढीपत्ता यांनी सूटकेस भरू नये, अल ऐनमधील मोठ्या दुकानांत सारे मिळते आणि दुकानदाराशी तिला हिंदीत बोलता येईल. तिचा न्यू जर्सीचा वाहन परवाना द्यावा. अमेरिकन परवान्यावर परीक्षा न देता तेथील परवाना मिळतो. ही सवलत आपल्या भारतीय परवानाधारकांना नाही, तेव्हा हा विषय तिने स्टाफरूममध्ये जपून काढावा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि वातानुकूलित वर्गांसाठी एक स्वेटर लागेल.

औषधांबाबत मात्र फार दक्ष राहावे. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेली वेदनाशामके आणि एकाग्रतेसाठी अमेरिकेत सर्रास लिहून दिली जाणारी काही औषधे तेथे नियंत्रित आहेत. त्यांसाठी तेथील सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते आणि डॉक्टरची चिठ्ठी जवळ बाळगावी लागते. न्यू जर्सीत गांजायुक्त गोळ्या-मिठाया दुकानात उघड विकल्या जातात. मैत्रिणींनी निरोप म्हणून दिलेल्या पिशवीत असले काही नाही ना, हे निघण्याआधी तपासावे. व्हॉट्सॲपवर संदेश जातील, पण त्यावरचे फोनकॉल अमिरातींमध्ये चालत नाहीत; झूम किंवा गूगल मीट आत्ताच घालून घ्यावे. अल ऐनचे घड्याळ एडिसनच्या पुढे उन्हाळ्यात आठ आणि हिवाळ्यात नऊ तास असते, म्हणजे तिचा संध्याकाळचा चहा हा तुमचा सकाळचा चहा.

दिवाळीचा फराळ जरूर पाठवावा. फक्त खसखस अमिरातींमध्ये बंदी असलेल्या पदार्थांत मोडते आणि तिच्यावरून प्रवाशांना विमानतळावर गंभीर त्रास झालेला आहे. तेव्हा चकली, शंकरपाळे, चिवडा बिनधास्त जाऊ द्या, लाडवांच्या सारणात खसखस नाही याची खात्री करा, आणि अनारसे तीळ लावून करा किंवा ती सुट्टीत घरी येईपर्यंत राखून ठेवा.